दहा वीसचा वारा

१

सतरा नंबरच्या पवनचक्कीच्या पायथ्याशी मरुदप्पन पालथा पडला होता. कमरेला पट्टा होता, पट्ट्याला दोर होता, दोराच्या टोकाला हूक होता आणि तो हूक कशातच अडकवलेला नव्हता. तीस मीटर उंचीवर, चक्कीच्या डोक्याच्या छपरावर त्यानं पाय ठेवला असेल नसेल, तेवढ्यात वाऱ्याचा लोट आला. सब-इन्स्पेक्टर शेंबगवल्ली तिथं पोचली तेव्हा वारा असा काही माजला होता की प्रेतावरची चादर धरून ठेवायला चार माणसं लागत होती.

आडी महिना, म्हणजे भर आषाढ, त्यात आरलवायमोळीची खिंड. वाऱ्यानं बोललेलं ऐकू येत नव्हतं. तिनं सगळ्यांना कंट्रोल रूममध्ये नेलं आणि दार लावून घेतलं.

“साडेदहाला पडला,” इंजिनियर विजयराघवन म्हणाला. मद्रासचा माणूस, बदली होऊन दोनच महिने झालेले. शर्टाला इस्त्री. “मी स्वतः त्याला वायरलेसवर चढायला सांगितलं, मॅडम. पण अण्णाच्चीला विचारून. अण्णाच्ची हो म्हणाले, मग मी हो म्हणालो.”

सगळ्यांच्या माना कोपऱ्यातल्या स्टुलाकडे वळल्या. तिथं सुडलैमुत्तू बसला होता, वय एकसष्ट. अख्खा गाव त्याला अण्णाच्ची म्हणायचा. त्याच्या समोरच्या भिंतीवर दोन तबकड्या होत्या, दोन दूरच्या खांबांवरचा वारा दाखवणाऱ्या. दर दहा मिनिटांनी तो त्यांना अगदी नाक टेकवून बघायचा, कागदावर दोन आकडे लिहायचा, आणि पुढची पंधरा मिनिटं वारा कसा राहील ते सांगायचा. रेडिओवाले उद्याचं सांगतात. उद्याचं घेऊन चक्कीवर चढणाऱ्यानं काय करायचं? आठ वर्षं या खिंडीतला प्रत्येक माणूस अण्णाच्चीच्या शब्दावर चढला होता आणि त्याच्या शब्दावर उतरला होता. एकाला साधं खरचटलंही नव्हतं.

“अण्णाच्ची, काय सांगितलंत तुम्ही?” शेंबगवल्लीनं विचारलं.

“मला वाटतं, मी वारा येतोय म्हणालो.” म्हातारा म्हणाला. “कागदात काय आहे?”

तिनं क्लिपच्या पॅडवरचा कागद उचलला. डावीकडे वेळ, पुढं दोन रकाने, वर लिहिलेलं ‘मेल’ आणि ‘कीळ’. दहा दहाला सत्तावीस आणि बावीस. दहा वीसला सव्वीस आणि एकवीस. साध्या झुळकीचे आकडे होते. चाळीसच्या खाली असेल तर माणूस चढवायचा, असा नियमच होता.

तिनं आकडे वाचून दाखवले. म्हाताऱ्यानं डोळे मिटून घेतले.

“कागदात असेल तर मीच लिहिलं असणार, अम्मा. डोळ्यात मोतीबिंदू आहे. नोकरी जाईल म्हणून लपवून ठेवला. मला सुई दिसली नसेल. मीच घालवला त्याला.”

बाहेर कुणी तरी बाई छाती पिटत ओरडत होती. तवसी नावाचा वायरलेसवाला पुढं होऊन हळूच शेंबगवल्लीच्या कानाशी लागला.

“ती पेच्ची, अम्मा. मरुदप्पनची बायको. आणि...” त्यानं कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघितलं. “यांचीच मुलगी.”

२

नवव्या दिवशी पेच्चीनं निरोप पाठवला. कागद बघितला त्याच दिवशी वरिष्ठांनी प्रकरण मिटल्यात जमा केलं होतं. वारा बघणाऱ्याच्या हलगर्जीनं मृत्यू, एका ओळीत काम भागलं. शेंबगवल्लीच्या मनाला ते लागून राहिलं होतं, पण लागून राहिलं म्हणून काही पंचनामा बदलत नाही.

जीप गावाबाहेर थांबवून ती पोलीस पाटलाशी बोलत उभी राहिली आणि कॉन्स्टेबल दामोदरनला पेच्चीचं घर शोधायला पुढं पाठवलं. हा गडीही मद्रासचा, नव्यानं आलेला. पत्ता सोपा होता, मेल आळी, तिसरं घर. अर्धा तास झाला तरी याचा पत्ता नाही. शेवटी बघते तर स्वारी डोंगराच्या चढावर, घामानं निथळत, देवळाच्या पुजाऱ्याशी हुज्जत घालतेय.

“अरे, तिकडं कुठं कडमडायला गेलास?”

“मेल आळी म्हणालात ना, अम्मा? वरची आळी! म्हणून वर गेलो.”

पाटलाला हसू आवरेना. “वर काय, माकडं राहतात! मेल म्हणजे मावळतीची आळी, बाबा. आमच्याकडे मावळतीला डोंगर, म्हणून ती वर, आणि उगवतीला सपाटी, म्हणून ती कीळ, खाली. मद्रासला शाळेत शिकवत नाहीत वाटतं?”

“आम्ही पश्चिमेला पश्चिम म्हणतो,” दामोदरन फुगून म्हणाला.

घराच्या ओट्यावर अण्णाच्ची भिंतीकडे तोंड करून बसला होता. शेजारी पेजेचं भांडं होतं, वर माश्या बसलेल्या. शेजारीण रोज ठेवायची आणि रोज उचलून न्यायची. ओट्यापासून चार पावलांवर घराचं दार होतं, आणि त्या दारातून नऊ दिवसांत कुणी बाहेर ओट्याकडे बघितलं नव्हतं.

पेच्ची आत जमिनीवर बसली होती. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता, पण आता डोळे कोरडे होते.

“सोळाव्या दिवसाचं कार्य झालं की सासरची माणसं मला तेन्काशीला नेणार,” ती म्हणाली. “ते म्हणतात, त्या माणसाचं तोंड परत बघायचं नाही. मी हो म्हटलंय. पण अम्मा, मला एक सांगा. माझ्या अप्पांनी खरंच केलं का हे?”

“कागद तसं म्हणतो.”

“कागद राहू द्या. तुम्ही काय म्हणता?” तिनं शेंबगवल्लीचा हात धरला. “हा माणूस मी लहान असताना खळ्यावर बसून सांगायचा, आता वारा येणार, सुपं उचला. आम्ही उचलायचो आणि वारा यायचा. तेव्हा कुठं तबकड्या होत्या? यांनी माझ्या नवऱ्याला वाऱ्याच्या तोंडी दिला, हे मला गिळवत नाही. आणि कागद खोटा, हेही म्हणवत नाही. उरलेला जन्म कुणाला शिव्या द्यायच्या तेवढं तरी कळू दे मला!”

शेंबगवल्लीनं हात हळूच सोडवून घेतला. ती बाहेर आली आणि जीपमध्ये बसून म्हणाली, “खिंडीकडे घे.”

खिंडीच्या अगदी तोंडाशी, पश्चिमेकडचा वारा-खांब होता त्याच्या पायथ्याला, रोसाम्माची चहाची टपरी होती. टपरीच्या छपरावर नवा कोरा पत्रा होता.

“जुना कुठं गेला?” ताडगुळाची कॉफी हातात घेत शेंबगवल्लीनं सहज विचारलं.

“उडाला की मेला! तो बिचारा पोरगा पडला ना, त्याच दिवशी. एक असा दणका आला, पत्रा गेला थेट रस्त्यापलीकडे.”

“किती वाजता?”

“नागरकोईलची दहा पंचवीसची बस यायची होती. बस आली तेव्हा मी रस्त्यात पत्र्यामागं धावत होते, ड्रायव्हरनं चार शिव्या पण हासडल्या.”

कॉफी हातातच राहिली. दहा पंचवीसच्या आधी या खांबापाशी पत्रा उडवणारा वारा होता. कागद म्हणत होता, झुळूक. म्हणजे सुई वर गेली होती आणि म्हाताऱ्याला ती दिसली नव्हती. ती त्याला सोडवायला निघाली होती आणि तिनं त्याच्याच गळ्याभोवतीचा फास आवळला होता.

३

तरी तिनं ऑफिसातल्या तिघांनाही परत बोलतं केलं. हट्ट म्हणा हवं तर.

मरुदप्पन पडला त्या दिवशी बारा वाजता पाहुणे यायचे होते. परदेशी यंत्र बनवणारे, बरोबर मंत्री. सतरा नंबर त्यांना दाखवायची होती, आणि नेमकं तिच्या डोक्यावरचं वाऱ्याची दिशा दाखवणारं पातं अडकलं होतं. ते सुटल्याशिवाय चक्की फिरणार नव्हती.

“मी खोलीत नव्हतोच,” तवसी म्हणाला. हा इथलाच, मेल आळीत पाचवं घर. “दहा वाजता साहेबांनी मला फाटकाची कमान उभी करायला पिटाळलं. मरुदप्पनच्या जोडीदारालाही. वायरलेस साहेबांच्या हातात होता. मी परत आलो तेव्हा तो पडलेला.”

“तुझं आणि मरुदप्पनचं पटत नव्हतं म्हणे.”

“नव्हतं. गेल्या पोंगलला त्यानं माझ्या थोबाडीत मारली होती.” तवसीनं नजर चुकवली नाही. “पण अम्मा, त्याला खांदा मीच दिला. त्याच्याशी भांडायला आता कुणी नाही, याचंच मला वाईट वाटतंय.”

जेसिंता ऑफिसातली कारकून, कोळीवाड्यातली पोरगी. आकड्यांचे कोरे आणि भरलेले कागद ठेवायच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे असायची.

“त्या दिवशी किल्ली कुणाला दिली होतीस?”

“कुणाला नाही. पण ती टेबलावरच पडलेली होती. तो पडला म्हटल्यावर सगळेच धावले, अम्मा. किल्ली कोण बघतंय? मी तर चप्पल न घालता धावले.” तिचे डोळे भरून आले. “अण्णाच्चींचे डोळे गेलेत हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. मला, तवसीला, साहेबांनाही. मीच साहेबांना सांगितलं होतं, की यांना जरा सांभाळून घ्या. आम्ही कुणीच बोललो नाही कारण त्यांचा वारा कधी चुकलाच नाही.”

विजयराघवननं दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आणि स्वतः पंखा लावला. माणूस सभ्य होता, आणि नऊ दिवसांत निम्मा झाला होता.

“मॅडम, मला झोप येत नाही. चढ, हा शब्द माझ्याच तोंडून गेला ना.”

“त्यांनी नेमकं काय म्हटलं? शब्द आठवतात?”

तो किंचित अडखळला. “चढू दे, असंच काही तरी. मी व्हरांड्यात होतो, त्यांनी खिडकीतून सांगितलं.”

“तुम्ही तबकड्या बघितल्या नाहीत?”

“मी कशाला बघू? त्यासाठीच तर त्यांना पगार आहे.” आणि मग लगेच, हळू आवाजात, “म्हाताऱ्याला त्रास देऊ नका, मॅडम. कंपनीला मी सांगितलंय, खटला नको म्हणून.”

हे ऐकून शेंबगवल्लीला बरं वाटायला हवं होतं. पण त्याचं ते अडखळणं काही तिच्या डोक्यातून जाईना.

४

बाराव्या दिवशी शेजारणीनं चौकीवर येऊन सांगितलं, म्हाताऱ्यानं पाणीही सोडलं. शेंबगवल्ली हातातलं काम टाकून निघाली. पंचनाम्याची फाइल काखेत तशीच राहिली होती.

अण्णाच्ची ओट्यावर कुशीवर पडला होता. ओठ फुटले होते.

“अण्णाच्ची, असं मरून काय मिळणार?”

“जगून काय मिळणार ते तुम्ही सांगा, अम्मा.”

ती त्याच्याजवळ खाली बसली आणि काही तरी बोलायचं म्हणून म्हणाली, “तुम्हाला पुढचा वारा कळायचा तरी कसा?”

म्हातारा धडपडत उठून बसला. मग बोलला, आणि बोलता बोलता त्याच्या आवाजात जरासा जीव आला.

“त्यात जादू नाही. आडीतला वारा खिंडीतूनच येतो. एक खांब मेल अंगाला, खिंडीच्या तोंडाशी. दुसरा कीळ अंगाला, चक्क्यांच्या शेवटी. मधे सहा किलोमीटर. आत्ता मेल खांबावर जो आकडा, तोच दहा मिनिटांनी कीळ खांबावर. वाराच तो, रस्त्यानं चालत येतो तसा येतो. मेल खांबाची सुई उडाली की मी ओरडायचो, मेल कात्तू वरुदू! मावळतीचा वारा येतोय! एवढं ऐकलं की पोरं सरसर खाली. उतर, चढू नको, असं वेगळं सांगायची कधी वेळच आली नाही.”

“आणि डोळे असे असताना लिहायचात कसे?”

“नखानं.” त्यानं अंगठा दाखवला. नख लांब होतं, खुरप्यासारखं वळलेलं. “पहाटे कागद पॅडला लावला की रकान्यांच्या रेघांवरून आधी नख ओढायचो, दाबून. खाच पडते. मग लिहिताना बोट त्या खाचेत ठेवायचं, आकडा भलतीकडे जात नाही. हे कुणाला माहीत नाही. डोळ्यांचं ठाऊक होतं त्यांना, नखाचं नाही.”

शेंबगवल्लीनं फाइल उघडली, तो कागद काढला आणि म्हाताऱ्याच्या हातात दिला.

त्यानं कागद मांडीवर ठेवला. बोट वरपासून खालपर्यंत फिरवलं. परत फिरवलं. कागद उलटा करून मागून फिरवलं.

“हा कुठला कागद?”

“त्या दिवशीचा.”

“नाही,” म्हातारा म्हणाला. “हा माझा कागद नाही! याला खाच नाही, अम्मा. हा गुळगुळीत आहे. हा मी लिहिलेलाच नाही!”

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. दाराआड उभ्या असलेल्या पेच्चीनं सगळं ऐकलं होतं. पण ती बाहेर आली नाही. बारा दिवस ज्याला खुनी मानलं, त्याच्यासमोर एका गुळगुळीत कागदावरून कसं येणार ती? कागद बदलला, पण कुणी, आणि खरा काय म्हणत होता, हे कळल्याशिवाय तिचा पाय उंबऱ्याबाहेर पडणार नव्हता.

५

कपाटाची किल्ली टेबलावर, सगळे बाहेर धावलेले, आकडे लिहिणं कुणालाही जमणारं. तवसी, जेसिंता, विजयराघवन. शेंबगवल्लीनं चौकीत टेबलावर जुलै महिन्याचे सगळे कागद पसरले आणि डोकं धरून बसली. कागद गुळगुळीत होता एवढं कळलं होतं. गुळगुळीत कागदावर कुणाचं नाव नव्हतं.

“दामोदरा, त्या कपाटात जूनचे कागद आहेत बघ. मेल कप्प्यात.”

तिनं बोलता बोलता वर बघितलं. दामोदरन टाचा उंचावून कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात चाचपत होता. जूनचे कागद कपाटाच्या पश्चिमेकडच्या बाजूला, त्याच्या कोपराशी होते.

“अरे गाढवा, मेल म्हणजे...” ती म्हणाली आणि थांबली.

पोरगा हात वर करून तसाच उभा राहिला. ती त्याच्या हाताकडे बघत होती. मग झटक्यानं तिनं खोटा कागद पुढं ओढला आणि पेन्सिल घेतली.

पहाटेपासून दहापर्यंत सगळं ठीक होतं. नऊ चाळीसला मेलच्या रकान्यात एकतीस, तर नऊ पन्नासला कीळमध्ये एकतीस. नऊ पन्नासला मेलमध्ये एकोणतीस, तर दहाला कीळमध्ये एकोणतीस. वारा रस्त्यानं चालत होता, म्हाताऱ्यानं सांगितला तसा. हे आकडे मूळ कागदावरून उतरवलेले होते. दहा वाजता मेलमध्ये तेहतीस होते. म्हणजे दहा दहाला कीळमध्ये तेहतीसच्या आसपास हवे होते. तिथं होते बावीस.

आणि तिथून पुढं गणितच बदललं होतं. सत्तावीस-बावीस. सव्वीस-एकवीस. अठ्ठावीस-तेवीस. दोन्ही आकडे हातात हात घालून वर जात होते, हातात हात घालून खाली येत होते, आणि मेलचा नेमका पाचानं मोठा.

“दामोदरा, एकाच खांबावर वर एक मोजणी आणि खाली एक मोजणी असेल, तर कुठं वारा जास्त?”

“वर, अम्मा. नेहमीच.”

“कागद गोळा कर,” ती म्हणाली. “जीप काढ.”

कंट्रोल रूममध्ये तिनं तिघांना एकेक करून आत घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. कागदातल्या मेलच्या रकान्यात कुठला आकडा लिहितात?

“खिंडीतल्या खांबाचा, आणि कुठला?” तवसी म्हणाला.

“मेलचा,” जेसिंता म्हणाली, आणि शेंबगवल्ली बघतच राहिली तेव्हा गोंधळून, “म्हणजे पश्चिमेचा. का, अम्मा?”

विजयराघवन टाय सैल करत आत आला. “मेल म्हणजे वरच्या वाट्यांचा वेग. खांबाच्या टोकाशी वारा मोजणारं वाट्यांचं चक्र असतं, खाली आणखी एक असतं. वरचा आकडा मोठा, खालचा लहान. सगळीकडे असंच असतं.”

“सगळीकडे असतं. इथं नाही,” शेंबगवल्ली म्हणाली. “इथं मेल म्हणजे मावळत, सर. दोन तबकड्या म्हणजे दोन वेगळे खांब, सहा किलोमीटरवर. दोन महिने तुम्ही या खोलीत बसलात आणि एकदाही म्हाताऱ्याला विचारलं नाहीत, हे काय लिहिता म्हणून. खोटं लिहितानाही तुम्ही पुस्तकातलं बरोबर लिहिलंत. तवसीनं लिहिलं असतं तर त्यानं मेलचा वारा दहा मिनिटांनी कीळमध्ये उतरवला असता. जेसिंतानंही. ती दोघं झोपेतसुद्धा ही चूक करणार नाहीत. ही चूक या खोलीत एकच माणूस करू शकत होता.”

इंजिनियर उभा होता तो बसला. पण तिच्याकडे तो बघतच नव्हता. तो भिंतीवरच्या दोन तबकड्यांकडे बघत होता.

“मावळतीचा?” तो पुटपुटला. “म्हणजे... ते वर म्हणत नव्हते?”

“काय म्हणाले होते ते? आता खरं सांगा.”

“मेल कात्तू वरुदू.” त्याच्या तोंडून शब्द कसेबसे निघाले. “मला वाटलं, वरती वारा आहे म्हणतायत. वरती तर नेहमीच असतो! मला उलट बरं वाटलं, म्हटलं पाहुण्यांसमोर चक्की फिरेल. मरुदप्पननं वायरलेसवर विचारलं, अण्णाच्ची काय म्हणाले? आणि मी... मी म्हणालो, चढ म्हणाले.”

“आणि मग?”

“तो पडल्यावर कागद बघितला. दहा वीसला मेलमध्ये चोपन्न. मला वाटलं, वरचा वारा चोपन्न होता आणि मी ऐकूनही माणूस चढवला. तुरुंग दिसला. सगळे बाहेर धावले होते. मी नवा कागद लिहिला. जुना जाळला.” तो ओक्साबोक्शी रडायला लागला. “चुकून झालं हो, मॅडम! मी मुद्दाम नाही मारलं त्याला!”

“त्याला नाही मारलंत मुद्दाम,” शेंबगवल्ली म्हणाली. तिला राग आवरत नव्हता. “चढ म्हणाले, हे एक खोटं. कागद, हे दुसरं. आणि बारा दिवस तो म्हातारा ओट्यावर अन्नावाचून मरतोय, हे तुम्हाला रोज कळत होतं. रोज! ते चुकून नाही. चला, उठा.”

६

ती पेच्चीच्या घरी पोचली तेव्हा दिवस कलला होता. तिनं सगळं उभ्या उभ्या सांगितलं, ओट्यावर, म्हाताऱ्याला ऐकू जाईल असं. चोपन्न आकडा सांगितला. तोंडातून गेलेला शब्द सांगितला, आणि तो शब्द दुसऱ्याच्या कानात काय होऊन पडला तेही सांगितलं. लपवायचं तिच्या मनात आलं होतं. पण खटल्यात निघालंच असतं.

म्हातारा भिंतीला टेकून उठून बसला.

“म्हणजे सुई मला दिसली होती.”

“दिसली होती, अण्णाच्ची. तुम्ही बरोबर सांगितलंत.”

“बरोबर सांगितलं,” तो म्हणाला. त्याचं तोंड वाकडं झालं. “काय उपयोग, अम्मा? चढू नको, एवढे दोन शब्द आणखी बोललो असतो तर माझं काय जात होतं? आठ वर्षांत कधी लागले नाहीत म्हणून बोललो नाही. माझ्या पोरीचं कुंकू त्या दोन शब्दांत होतं.”

शेंबगवल्ली पायऱ्या उतरून जीपपाशी जाऊन उभी राहिली.

दारात पेच्ची आली. तिच्या हातात वाडगा होता, गरम पेजेचा, वर दोन छोटे कांदे. उंबऱ्यावर ती थबकली, मग ओट्यावर आली आणि बापाच्या शेजारी बसली. बारा दिवसांत पहिल्यांदा. वाडगा तिनं जमिनीवर ठेवला. त्याच्याकडे मान वळवून बघणं तिला अजून जमत नव्हतं, समोर अंगणाकडे बघत ती रडत होती.

म्हाताऱ्यानं पायरव ओळखला. त्यानं हात पुढं केला, पण अंधूक उजेडात त्याला काहीच दिसत नव्हतं. हात नुसताच हवेत चाचपडत राहिला.

“कुठं आहे, पेच्ची?”

“तुमच्या कीळ अंगाला, अप्पा,” ती म्हणाली. “वीतभर.”

हात उगवतीकडे वळला, वीतभर गेला, आणि थेट वाडग्यावर पडला.